विरारची काकू

गाडी फाट्यावर आली तेव्हा माझी मीना जाऊबाईंच्या कडेवर होती आणि हसत होती. तीन वर्षांची होती. हात हलवून टाटा करायला ती नुकतीच शिकली होती, आणि एवढ्या मोठ्या लाल गाडीला टाटा करायला मिळतंय याचाच तिला आनंद. जाऊबाई रडत होत्या, भावजी दुसरीकडे बघत उभे होते, आणि सासूबाई पदराने नाक पुसत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आधी पाय टेकव गो, मग पोर ने. आधी नको."

मी खिडकीतून बघत राहिले. वळणावर गाडी वळली तरी तो छोटा हात हलतच होता. शिमगा नुकताच होऊन गेला होता. रस्त्याकडेच्या शेतांत भाजावळीची राख काळी पडली होती. आमचं गाव देवरुखच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. माझे यजमान देवरुखला एका दुकानात कामाला होते. कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेले. त्यानंतर वर्षभर मी सासरी होते. कुणी वाईट वागवलं नाही. पण भातशेती एवढीशी आणि खाणारी तोंडं जास्त. मी मॅट्रिक पास होते. विरारला माझा दादा राहत होता. त्याने कळवलं, इकडे ये, कारखाने निघतायत, काहीतरी मिळेल. दोनचार महिन्यांचा प्रश्न आहे असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं होतं.

हे सत्तरचं दशक अर्ध्यावर यायच्या आधीचं. विरारचा मनवेलपाडा तेव्हा आजच्यासारखा नव्हता. भातखाचरांच्या मधोमध दोन-तीन चाळी उभ्या राहिल्या होत्या. दादाची खोली त्यातल्या शेवटच्या चाळीत. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आता मी. विहिरीचं पाणी मचूळ. पहिला घोट घेतला तेव्हा मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "होईल सवय." पाण्याची झाली.

दादा मुंबईला कामावर जायचा. मी वहिनीबरोबर स्वयंपाक उरकला की धुतलेलं पातळ नेसून निघायचे. वसईकडे तेव्हा छोटे छोटे कारखाने निघत होते. फण्या, पेनं, औषधं, काचेचं सामान. मी एकेका फाटकावर जाऊन उभी राहायचे. फाटकावरचा भय्या आधी माझ्या कपाळाकडे बघायचा, मग म्हणायचा, "जगह नहीं है, बाई." ठाण्याला जाऊन सरकारी कचेरीत नाव नोंदवून आले. त्याचं पुढे काही झालं नाही. पेपरातल्या जाहिराती वाचून अर्ज टाकले. त्यांचंही नाही.

चाळीतल्या बायका एकमेकींना कामं सांगायच्या. कुणाच्या नवऱ्याच्या कंपनीत माणूस हवाय, कुठे शिवणकामाला बाई हवीय. पण ही बोलणी व्हायची हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला. संक्रांतीच्या महिन्यात तर रोज कुणाच्या ना कुणाच्या खोलीत बायका जमायच्या. मी आमच्या दारात तांदूळ निवडत बसायचे आणि पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. वहिनी परत आली की मी विचारायचे, "कामाचं काही निघालं का गं?" ती वाण कपाटात ठेवत म्हणायची, "विचारायचं राहूनच गेलं."

मला तिचा राग आला नाही. जिचं काम असतं तिलाच विचारायचं सुचतं.

आमच्या चाळीत वसईजवळच्या गिरीजहून एक भाजीवाली यायची. कतरीनबाय. लाल चौकडीचं लुगडं, कानात सोन्याच्या जड बाळ्या, डोक्यावर वांगी, पडवळं आणि केळ्यांची टोपली. वाडीत स्वतः पिकवलेलं घेऊन यायची. ख्रिस्ती होती. तिच्या बोलण्यात च चा स व्हायचा आणि स चा ह. चार वांग्यांना सार वांगी म्हणायची. पहिले काही दिवस मला तिचं निम्मं बोलणं कळतच नसे. एके दिवशी टोपली उतरवून ती माझ्याजवळ टेकली आणि म्हणाली, "बाय, रोज हकाळी तू कटे जाते?"

मी सांगितलं. तिने एक केळं सोलून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "फाटकावर जाऊन काय मिलते? फाटकावर जागा हांगतात तवा ती कवाच भरलेली अहते. जागा रिकामी कवा होते? पोरीचं लगीन होते तवा. पोरगी लगीन होऊन गेली की तिची खुर्ची मोकली."

"पण कुणाचं लग्न ठरलंय हे मला कसं कळणार? मला कोण बोलावतं?"

"आमच्या देवळात ये," ती म्हणाली. चर्चला त्या लोकांत देऊळच म्हणतात. "लगीन ठरलं की फादर तीन आयतवार नावं वासून दाखवते. कुनाला हरकत अहेल तर हांगा म्हणून. तू हरकत नको घेऊ, निसती आयक."

मी बऱ्याच दिवसांनी हसले असेन.

पुढच्या रविवारी मी एसटीने गिरीजला गेले. केळीच्या वाड्यांमधून रस्ता. दोन्ही बाजूंनी रहाटाचं पाणी पाटाने वाहत होतं. ते पाणी बघून मला गावची आठवण इतकी आली की देवळाच्या दाराशी जाऊन मी मागे वळणार होते. कतरीनबायने हात धरून आत नेलं. शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसले. सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे. प्रार्थना मराठीतच होती. शेवटी फादरांनी कागद काढला आणि नावं वाचली. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा. मी ती पाठ केली. बाहेर आल्यावर कतरीनबाय एकेक नाव घेऊन सांगू लागली. ही शाळेत शिकवते, ती घरीच असते, ती तिसरी मात्र पेनाच्या कारखान्यात आहे.

त्या तिसऱ्या मुलीच्या घरी मी गेले. तिच्या आईने पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. पण मुलगी गावातच दिली होती, लग्नानंतरही ती नोकरी करणार होती. पुढच्या महिन्यात दुसरी एक निघाली, तिने जागा आधीच मावसबहिणीला कबूल केलेली. मी जात राहिले. एकदा मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, संपल्यावर फादर दारात उभे होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही नेहमी दिसता. कोणत्या गावच्या?"

खोटं बोलवेना. "फादर, मी नावं ऐकायला येते," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी बाहेर पडणाऱ्या माणसांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझी माणसं नावं सुरू झाली की चपला शोधायला लागतात. तुम्ही निदान ऐकता तरी. येत जा."

असं करता करता वर्ष उलटून गेलं. गणपतीला गावी गेले तेव्हा मीना मला ओळखून जवळ आली, पण आधी जाऊबाईंकडे बघून, मग. ती त्यांना मोठीआई म्हणायची, पहिल्यापासून. त्यांना मूलबाळ नव्हतं. रात्री माझ्या कुशीत निजायची, आणि पहाटे मी जागी व्हायचे तेव्हा उठून त्यांच्या अंथरुणात गेलेली असायची.

फिलोमिनाचं नाव मी त्याच्या पुढच्या माघात ऐकलं. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात लेबलं तपासायच्या कामाला होती, आणि तिचा होणारा नवरा बहारीनला. म्हणजे ती जाणार हे नक्की. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. उंच, सावळी, गंभीर चेहऱ्याची मुलगी. मी म्हटलं, "तुझी जागा रिकामी होईल. माझं नाव सांगशील का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एकदम तिचे डोळे भरले. म्हणाली, "महिना झाला घरात सगळे विचारतात, बांगड्या कुठल्या, गाऊन कुठला, केक कुठून आणायचा. माझ्या नोकरीचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

तिला जायचं नव्हतं. नवरा चांगला होता, तक्रार काही नव्हती. पण सकाळी डबा घेऊन निघायचं, पगाराच्या दिवशी आईच्या हातात पाकीट द्यायचं, हे तिला सोडवत नव्हतं. "तिकडे म्हणे बायका घरातच असतात," ती म्हणाली. "खिडकीबाहेर नुसती वाळू." माझा घास तिच्या जाण्यात होता. मी तिचा हात धरून बसले.

लग्नाला दोन आठवडे होते. रोज कामावरून आली की ती मला अंगणात बसवायची. कारखान्यातून टाकून दिलेली लेबलं आणली होती. बॅच नंबर कुठे बघायचा, तारीख पुसट उठली तर काय करायचं, इंग्रजी अक्षरं उलटी छापली तर कशी ओळखायची, सगळं शिकवलं. मग एके सकाळी मला घेऊन सुपरवायझरसमोर उभी राहिली. "साहेब, माझ्या जागी या. काम शिकवून आणलंय. एक दिवस बसवून बघा, नाही जमलं तर मला बोला." साहेबांनी बसवून बघितलं. मी बसले ती पुढे सव्वीस वर्षं तिथेच बसले.

तिच्या लग्नाला मी मागच्या बाजूला, नारळाच्या झाडाला टेकून उभी होते. विधवेने नवरीच्या समोर जाऊ नये हे माझ्या अंगात मुरलेलं. फिलोमिनाच्या आईने मला शोधून काढलं आणि दंडाला धरून थेट नवरीशेजारी नेऊन बसवलं. "हिच्या जागेवर तू गेली, आता ही जाते तर हिच्या बाजूला बस," म्हणाली. यजमान गेल्यापासून कुणी मला मंगल कार्यात पुढे बसवलं नव्हतं. मी खाली मान घालून बसले. फिलोमिनाही रडत होती. लोकांना वाटलं सासरी जायच्या दुःखाने रडते.

सोमवारी मी तिच्या खुर्चीवर बसले. टेबलाच्या खणात तिची एक तुटकी फणी राहिली होती. ती मी तशीच ठेवली.

नोकरी मिळाली, पण पाय टेकला असं लगेच कुठे होतं. आधी टेंपररी, मग परमनंट. मग स्वतःची खोली, त्याच चाळीत, टोकाची. भांडी, स्टोव्ह, एक लोखंडी कॉट. मीनासाठी छोटी पत्र्याची पेटी घेऊन ठेवली, तिचे कपडे ठेवायला. हे सगळं होईतो ती सात वर्षांची झाली होती. दर गणपतीत मी जायचे. एका वर्षी ऐकलं, मोठीआईतलं "मोठी" गळून पडलं होतं. ती जाऊबाईंना नुसतं "आई" म्हणत होती. मला "विरारची आई". जाऊबाई माझ्यासमोर तिला रागावल्या, "मोठीआई म्हण!" ती गोंधळून दोघींकडे बघत राहिली. मी म्हटलं, "राहू दे. पोर आहे."

त्या मे महिन्यात मी तिला घेऊन आले. जाऊबाईंनी तिची वेणी घातली, अबोली माळली. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या. म्हणाल्या, "पाय टेकला ना? मग ने."

मनवेलपाड्याच्या खोलीत मीना दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. मी कामावर गेले की वहिनी तिच्याकडे बघायची. दादाची मुलं तिच्या बोलण्याला हसायची. तिला पाणी आवडेना. "ह्या पान्यात मीठ घातलंनीत," म्हणायची. हळूहळू बोलायचीच थांबली. जेवायची दोन घास. मी दोन दिवस रजा काढली, तिला आगाशीच्या बाजारात नेलं, बांगड्या घेतल्या, शंकराच्या देवळात नेलं. ती आज्ञाधारकपणे माझ्याबरोबर चालली. सांगितलं तेवढं केलं. मग ताप आला. तापात ती आई आई करत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हटलं, "आहे गं मी इथे, मीना. ही बघ आई."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तू नाय. आई."

ताप उतरल्यावर मी तिला गावी परत घेऊन गेले. दादा म्हणाला, थांब जरा, मुलं रुळतात. रुळलीही असती कदाचित. पण मला दर सकाळी तिला त्या चौकटीला धरून उभी बघून कामावर जावं लागायचं, आणि ते मला जमलं नाही. फाट्यावर जाऊबाई आल्या होत्या. गाडी थांबायच्या आत मीना उठून दारात गेली. खाली उतरली आणि धावली. जाऊबाईंनी तिला उचललं, एवढी मोठी मुलगी, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी मागितली नव्हती गो."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

आम्ही दोघी पुन्हा कधी त्यावर बोललो नाही.

त्यानंतर मी नोकरी करत राहिले. जगण्याला काहीतरी लागतं, मला लोकांना कामाला लावण्याचा नाद लागला. जागा जाहिरातीत नसते, माणसांच्या घरात असते, हे मला गिरीजच्या देवळात कळलं होतं. कुणाचं लग्न ठरलंय, कोण बाळंतपणाला जाणार, कोण निवृत्त होणार, कुणाचा मुलगा बहारीन-दुबईला निघालाय, मी विचारत राहायचे. गावाकडून, मुंबईतून मुली-बायका मनवेलपाड्यात येत होत्या. कुणी नवरा गेलेल्या, कुणी टाकलेल्या, कुणी नुसत्या गरीब. कतरीनबाय त्यांना माझं दार दाखवायची. मी त्यांना घेऊन लोकांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. किती जणी लागल्या, मोजलं नाही. संक्रांतीला त्या माझ्याकडे तिळगूळ घेऊन यायच्या.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मीना एकोणीस वर्षांची झाली. बारावी झाली होती. भावजींना दम्याने काम होत नव्हतं. जाऊबाईंनी निरोप पाठवला, "हिला कुठे चिकटव." मीना आली ती आता हसरी, धीट, सुरेख मुलगी होती. माझ्यासारखे जाड केस. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, पेटी कुठे ठेवू?"

जाऊबाई आई, भावजी बाबा, म्हणजे मी काकू. नात्याचा हिशेब बरोबरच होता. ती काही वर्षांपूर्वीच तसं म्हणायला लागली होती, पण गावी चार माणसांत ते एवढं ऐकू येत नसे. माझ्या खोलीत दोघीच असताना ऐकू आलं.

आमच्याच कारखान्यात हिशेबाच्या खात्यातली एक मुलगी लग्न होऊन चालली होती. मी तिच्याशी, तिच्या आईशी आधीच बोलून ठेवलं होतं. मीनाला साहेबांकडे घेऊन गेले. नवीन साहेब होते, तरुण. त्यांनी तिचे कागद बघितले, माझ्याकडे बघितलं, हसून तिला विचारलं, "चेहरा अगदी यांच्यासारखा आहे. या कोण तुमच्या?"

"काकू," मीना म्हणाली. लगेच, सहज.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हो साहेब. पुतणी माझी. हुशार आहे." तिला घेतलं.

दोन वर्षं ती माझ्याजवळ राहिली. मी उठायच्या आत पाणी भरायची. माझे पाय दुखले तर तेल लावून द्यायची. कधी उलट बोलली नाही, कधी हट्ट केला नाही, कधी रुसली नाही. स्वतःचं ताट स्वतः घासायची. संध्याकाळी कामावरून आल्यावर विचारायची, "काकू, चहा करून घेऊ का?" स्वतःच्या आईला कुठली मुलगी असं विचारते?

एकदा मला राहवलं नाही. डाळ पाखडत होते, ती समोर बसून भाजी निवडत होती. मी म्हटलं, "मीना, तुला माहीत आहे ना, मी कोण ते?"

तिने हातातली मेथी खाली ठेवली. मान वर केली नाही. "माहीत आहे," म्हणाली. "कितीदा म्हणून बघितलं मनात. तोंडात दुसरं येत नाही, काकू. तुम्ही रागवू नका."

तिने "तुम्ही" म्हटलं. मी म्हटलं, "रागवत नाही. निवड भाजी."

तिचं लग्न गावी झालं. मुलगा चिपळूणला नोकरीला. तिने नोकरी सोडली, तिच्या जागेवर मी आमच्या चाळीतल्या एका मुलीला लावलं. बोहल्याजवळ जाऊबाई-भावजी होते. मला मीनाने स्वतः पुढे बोलावलं, पाया पडली, घट्ट मिठी मारली. रीतीप्रमाणे सगळं केलं. कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

आता मनवेलपाड्यात खाचरं नाहीत. चाळ पाडून बिल्डरने इमारत बांधली, तिथे मला वन रूम किचन मिळालं. फिलोमिना एकदा गिरीजला आली तेव्हा मला भेटायला आली होती. म्हणाली, वाळूची सवय झाली, पण स्वप्नात अजून लेबलं तपासते. कतरीनबाय गेली. तिच्या वाडीत बंगले आहेत. जे गावी राहिले त्यांना वाटतं आम्ही शहरात काहीतरी मिळवायला गेलो. जे निघून आले त्यांना काय सुटलं ते ठाऊक आहे. मी काही वेगळं सांगत नाही.

मला विचारतात, गाव सोडून काय कमावलंत? मी म्हणते, कामाला लावलेल्या बायका. खरंच आहे ते. त्यातली एखादी रस्त्यात भेटते, हात धरते, मला बरं वाटतं. मग घरी येऊन कुलूप काढते.

अजून दर गणपतीला गावी जाते. मीनाही येते, तिची मुलं मला विरारची आजी म्हणतात. सासूबाई गेल्या, भावजी गेले. जाऊबाई पार वाकल्यात. घरातल्या सगळ्या बायका माजघरात चटया टाकून, एकमेकींच्या अंगावर पाय टाकून निजतात, कुजबुजतात, हसतात. माझ्यासाठी मात्र ओटीवरच्या खोलीत कापसाची गादी घालतात, वर धुतलेली चादर, उशाला तांब्या-भांडं. ती गादी त्या घरात पाहुण्याला घालतात. मी निजते त्या गादीवर. सकाळी लवकर उठून चादर घडी करायला घेते, तेवढ्यात जाऊबाई भिंतीला धरत धरत येतात आणि ती माझ्या हातातून काढून घेतात.

"राहू दे गो," म्हणतात. "आम्ही आहोत ना घरची."